काठ मध्यभागी आला : अरुंद मागावरच्या एका रुंद ब्लँकेटचं प्रकरण

ब्लँकेट मागावरून उतरवलं, पलंगावर ठेवलं आणि घडी उघडली. अर्धं डावीकडे गेलं, अर्धं उजवीकडे, आणि बरोबर मधोमध, उशीपासून पायथ्यापर्यंत, एक दाट पट्टी उभी राहिली. दोन्ही बाजूंचं कापड हाताला मऊ लागत होतं. पट्टीवर हात आला की बोटांखाली पुठ्ठा यावा तसं. अकराशे ग्रॅम लोकर, ५६० उभे धागे आणि तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्या कापडात होत्या.

ही पट्टी का आली, ती यायची चिन्हं मला आधी कुठे दिसली होती आणि पुढच्या ब्लँकेटात ती कशी घालवली, ते सगळं मापांसकट लिहिते आहे. घरी माग असलेल्या बहुतेकांकडे माग अरुंदच असतो, आणि ब्लँकेट विणायची इच्छा मात्र प्रत्येकाला कधी ना कधी होतेच.

रुंदीचा प्रश्न

आडवा धागा नेणारा धोटा हाताने टाकायचा म्हटलं की कापडाची रुंदी विणणाऱ्याच्या दोन हातांच्या आवाक्याएवढी. एका हाताने टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा. पूर्वी इंग्लंडमध्ये पन्हा मोठा असला तर मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसत आणि धोटा एकमेकांकडे टाकत. जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं, तेव्हा तेच काम एका माणसाला जमू लागलं. पण त्यासाठी मागाची चौकट तरी तेवढी रुंद हवी. माझ्या मागाची विणाईची रुंदी ३६ इंच आहे, आणि धुऊन आकसल्यावर ५५ ते ६० इंचांचं ब्लँकेट मला हवं होतं.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे दोन पट्ट्या वेगवेगळ्या विणून मधोमध जोडायच्या. अमेरिकेतली जुनी हातविणीची पलंगपोसं अशीच दोन पन्ह्यांची असत, मधोमध शिवलेली. दुसरी वाट दुहेरी विणीची. कागदाची घडी घातल्यासारखे दोन थर मागावर एकावर एक विणायचे, एका बाजूला जोडलेले आणि दुसऱ्या बाजूला सुटे. उतरवल्यावर घडी उघडली की दुप्पट रुंदीचं अखंड कापड हातात येतं.

जोडाच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण आडवा धागा दाबून बसवणारा ठोका दोन्ही पट्ट्यांवर अगदी सारखा पडला नाही तर जोडताना चौकडी जुळत नाही, आणि माझा ठोका सोमवारचा वेगळा, शुक्रवारचा वेगळा असतो. म्हणून मी दुहेरी वीण निवडली. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

मांडणी

लोकर दोन पदरी, १०० ग्रॅमला सुमारे ३०० मीटर. मोजपट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळून पाहिली तर इंचाला १८ वेढे. साध्या विणीला याच्या निम्मे, म्हणजे ९ धागे इंचाला चालतात. ब्लँकेट धुताना लोकर आकसून दाटणार, म्हणून मी एका थराला ८ धरले. दोन थर मिळून इंचाला १६, आणि ३५ इंचांत ५६०. फणी, म्हणजे उभे धागे अंतरावर ठेवणारा कंगवा, इंचाला ८ घरांची, प्रत्येक घरात दोन धागे, एक वरच्या थराचा आणि एक खालचा.

ओवणी सरळ : १, २, ३, ४. त्यात १ आणि ३ हे शाफ्ट (उभे धागे उचलणाऱ्या चौकटी) वरच्या थराचे, २ आणि ४ खालच्या थराचे. धोट्याची एक खेप म्हणजे एक फेक; चार फेकींचा एक फेरा होतो. धोटा सुट्या बाजूने सुरू करायचा. पहिल्या फेकीला फक्त १ उचलायचा, धागा वरच्या थरातून घडीकडे जातो. दुसऱ्या फेकीला १, ३ आणि २ उचलायचे, म्हणजे वरचा अख्खा थर बाजूला होतो आणि धागा खालच्या थरातून सुट्या बाजूला परततो. तिसरीला १, ३ आणि ४, पुन्हा खालून घडीकडे. चौथीला फक्त ३, वरून परत. असं केलं की घडीच्या बाजूला दोन्ही थर आपोआप जोडले जातात आणि दुसऱ्या बाजूला मोकळे राहतात. एकूण धागे सम संख्येत असले पाहिजेत. नाहीतर घडीवर दोन शेजारचे धागे एकाच वेळी वर-खाली होतात आणि तिथे जोडधाग्याची रेघ दिसते. माझे ५६० धागे तिथे बिनचूक होते. पट्टी पाहिल्यावर मला पहिला संशय ओवणीचाच आला, म्हणून हे सांगते. ओवणी-फणी पुन्हा तपासण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली आणि चूक काही सापडली नाही.

जे दिसलं होतं आणि मी सोडून दिलं होतं

ब्लँकेटाच्या आधी याच पद्धतीने मी सुती टॉवेल विणला होता. १८ इंच रुंदीच्या ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, ३६ इंचांचा, अंघोळीनंतर अंगाभोवती गुंडाळता येईल असा. तो इतका सरळ उतरला की दुहेरी वीण आपल्याला जमली असं मी धरून चालले. पुढे पट्टीचं कोडं पडलं तेव्हा तोच टॉवेल दोरीवरून काढला, खिडकीच्या काचेला लावला आणि सुईच्या टोकाने धागे मोजले. सगळीकडे इंचाला १८, मधल्या इंचात २०. पट्टी तिथेही होती! सुती धागा ताणला तरी फारसा लांबत नाही, त्यामुळे ती दोन धाग्यांवर भागली होती, आणि दोन धागे हाताला कळत नाहीत.

ब्लँकेट विणत असतानाही खूण समोर होती. फणीत ताणा ३५ इंच होता आणि विणलेल्या कापडाची रुंदी भरत होती ३३ इंच. ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाई एकदा बघायला आल्या होत्या. त्यांनी कापडाच्या दोन्ही कडांवर एकेक बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, दोन इंच आत ओढलंयस. ही घडीची बाजू ना? मग हे कुठे जाणार, बघ." मी म्हटलं, "बाई, धुतल्यावर सारखं होईल." त्या काही बोलल्या नाहीत. धोटा माझ्या हातात परत दिला, एवढंच.

दोन इंच आत ओढलं जाणं हे एरवी इतकं गंभीर नसतं. एकेरी कापडात दोन्ही काठांना एकेक इंच दाटी येते, काठ थोडा जाड होतो, आणि पुष्कळांना तसा काठ आवडतोही. इथे दाटी दोन्ही बाजूंना सारखीच झाली होती. सुट्या बाजूची दाटी ब्लँकेटाच्या दोन काठांवर गेली आणि तिथे शोभूनही दिसली. घडीच्या बाजूची दाटी मात्र वरच्या आणि खालच्या थरात मिळून दोनदा झाली, आणि उघडल्यावर ते दोन दाट काठ मधोमध एकमेकांना चिकटून बसले. सगळं प्रकरण एवढंच आहे : घडी म्हणजे काठच, फक्त तो कापडाच्या मध्यावर येऊन बसणार असतो. काठाला जे चालून जातं ते तिथे चालत नाही.

धुण्याआधी मोजलं ते असं : मधल्या इंचात १३ धागे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या इंचांत १० ते ११, आणि बाकी सगळीकडे ८ ते साडेआठ.

धुतल्यावर

धुतल्यावर सारखं होईल ही माझी समजूत साफ उलटी निघाली. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि कापड दाटतं. पण सरकायला आधी जागा लागते. विरळ विणलेला भाग भरपूर आकसतो, दाट विणलेला कमी. माझं बाकीचं कापड ६६ इंचांवरून ५७ वर आलं आणि लांबी ८६ वरून ७६ वर. मधली पट्टी लांबीला तेवढी आकसलीच नाही. आजूबाजूचं कापड आखूड झालं, पट्टी लांब राहिली, आणि जास्तीची लांबी जाईल कुठे? ती बारीक लाटांनी वर आली. धुण्याआधी फक्त हाताला जाणवणारा दोष आता खोलीच्या दारातून दिसत होता.

लोकर का ओढते

कारण शोधताना एका संध्याकाळी मी मागावर बसून फक्त फेकी टाकल्या आणि घडीच्या कडेकडे बघत राहिले. धोटा घडीच्या बाहेर येतो, मी तो परत टाकते, आणि धागा वळणावर घट्ट बसावा म्हणून बोटाने किंचित ओढते. ही सवय सुती कामातली. सुती धागा ओढला की जिथे ओढला तिथेच राहतो. लोकर ओढली की आधी लांबते, उचललेल्या धाग्यांखालच्या फटीत ताणलेल्या अवस्थेत पडते, आणि फणीचा ठोका बसून ताण सुटला की आपल्या मूळ लांबीला परत येऊ बघते. परत येताना कडेचे उभे धागे आत घेऊन येते. एका फेकीला हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. मागावरच्या ९० इंचांत इंचाला १६ फेकी, म्हणजे चौदाशेच्या वर फेकी!

त्यात धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या मी फार कसून भरल्या होत्या. कसून भरलेल्या कांडीवरची लोकर आधीच ताणलेली असते, आणि उलगडताना अडकत अडकत येते.

एक वेगळीच चूक, त्याच कापडातली

उघडताना तीन ठिकाणी थर एकमेकांना शिवलेले निघाले. हा दोष पट्टीशी जोडलेला नाही, पण दुहेरी विणीत तो हमखास भेटतो. लोकरीचे केस शेजारच्या धाग्यांना धरतात. खालच्या थराची फट उघडताना वरचा एखादा धागा पूर्ण वर न जाता खालीच लोंबत राहतो, धोटा त्याच्या वरून निघून जातो, आणि तो धागा खालच्या थरात विणला जातो. वर बसून काहीच कळत नाही.

दुरुस्ती धुण्याआधीच करायची. अडकलेला उभा धागा दोन्हीकडे दीड-दोन इंच सोडून कापला, मोठ्या नाक्याच्या सुईत त्याच लोकरीचा नवा तुकडा घेतला आणि योग्य थरातून वर-खाली विणत नेला. टोकं तशीच मोकळी सोडली. धुतल्यावर ती दाटून धरली गेली आणि मग कातरीने उडवली. या तीन जागा आता मलाही सापडत नाहीत.

नमुना

नवा ताणा लावण्याआधी त्याच लोकरीचा एक मीटरचा, ८ इंच रुंदीचा ताणा लावला. नमुन्याला जी लोकर जाते ती वाया गेली असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, विशेषतः अकराशे ग्रॅम पलंगावर पडलेली बघितल्यावर. या छोट्या ताण्यावर तीन तुकडे विणले.

पहिला तुकडा जसा आधी विणत होते तसाच, फक्त बोटाने ओढायचं नाही आणि कांडी सैल भरायची. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा कमानीसारखा टाकायचा आणि मग ठोकायचा. मधल्या इंचात १३ चे ११ झाले. सुधारणा खरी, पण पुरेशी नाही.

दुसऱ्या तुकड्याला घडीच्या बाहेर मासे पकडायची नायलॉनची जाड दोरी लावली. ती शाफ्टमधून ओवायची नाही. फणीच्या पुढच्या मोकळ्या घरातून घ्यायची आणि मागाच्या मागे वेगळं वजन बांधून लोंबती सोडायची. वेगळं वजन अशासाठी की विणताना लोकरीचे धागे वर-खाली होत लांबी खातात आणि नायलॉन सरळच राहते, त्यामुळे एकाच रुळावर दोघांचं जमत नाही. नियम सोपा आहे : वरच्या थराची फेक दोरीच्या वरून, खालच्या थराची दोरीच्या खालून. मग घडीचं प्रत्येक वळण दोरीला वळसा घालतं. दोरी ताठ असल्याने लोकर कितीही मागे खेचो, कडेचे धागे आत येत नाहीत. शेवटी दोरी ओढून काढायची, ती सुळकन निघते. मधल्या इंचात साडेनऊ धागे भरले.

तिसऱ्या तुकड्याला दोरी तर होतीच, शिवाय घडीजवळचे शेवटचे १६ धागे ८ घरांऐवजी १० घरांत पसरले. हा हिशेब जास्त झाला. उघडल्यावर मधोमध जाळी दिसली, आणि धुतल्यावरही उजेडात धरलं की ती विरळ रेघ डोळ्यांत भरत होती. दाट पट्टीपेक्षा विरळ रेघ वापरायला वाईट, कारण ब्लँकेट ओढलं जातं ते मधूनच आणि झिजतंही तिथेच.

तिन्ही तुकडे एकाच पाण्यात धुतले. हे करायला विसरू नये. मागावरची मापं अर्धीच खरी असतात.

दुसरं ब्लँकेट

दोरी लावली, आणि शेवटच्या १६ धाग्यांना ८ ऐवजी ९ घरं दिली, म्हणजे नमुन्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं. बाकी मांडणी जशीच्या तशी. कापड रुंदीत ताणून धरणारी दातेरी पट्टी मी मुद्दाम वापरली नाही. तिचे दात दोन्ही थरांतून जातात, आणि नुकतंच विणलेलं जे दोन-तीन इंच कापड सतत बघत राहायला हवं तेच ती झाकते.

बघण्यासाठी हातआरसा ठेवला. कापडाखाली धरला की खालचा थर उलटा पण स्पष्ट दिसतो. दर दोन इंचांनी एकदा. आरशातच मला कळलं की खालच्या थरावर माझा ठोका हलका पडत होता. पहिल्या ब्लँकेटची उजवी बाजू डावीपेक्षा किंचित ढिली का लागत होती याचं उत्तर अचानक हाती आलं. तेव्हापासून खालच्या थराच्या फेकीला पावडी (शाफ्ट उचलणारी पायाखालची दांडी) बदलल्यावर आणखी एक हलका ठोका द्यायला लागले.

थर अडकू नयेत म्हणून खालची फट दोन टप्प्यांत उघडली. आधी फक्त १ आणि ३ उचलायचे, तळहात उपडा करून दोन्ही थरांच्या मधून सरकवायचा, वरचे सगळे धागे सुटे झाले की मग २ किंवा ४. हाताला लोंबता धागा लगेच लागतो. वेग निम्म्यावर येतो हे खरं, पण सुई घेऊन दुरुस्ती करत बसण्यापेक्षा हे बरं.

विणताना रुंदी ३४ इंच टिकली. फणीतल्या ३५ मधला जो एक इंच गेला तो बहुतेक सुट्या बाजूचा. उतरवल्यावर मधल्या इंचात ९ धागे, शेजारी साडेआठ.

धुणं मोठ्या टबात, हाताला सुखावेल एवढ्या कोमट पाण्यात, सौम्य साबण घालून. दहा मिनिटं पायांनी हळूहळू तुडवलं, दर दोन-तीन मिनिटांनी थांबून एक कोपरा बघितला. विसळायला पाणी त्याच उष्णतेचं घेतलं. गरमातून एकदम गार पाण्यात घातलं आणि वर चोळलं तर लोकर आवरत नाही. ओलसर असताना मऊ ब्रशने एकाच दिशेने लव काढली आणि सपाट पसरून वाळवलं. रुंदी ६८ वरून ५९ इंच झाली.

बाईंना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून तळहात आडवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ब्लँकेट उचलून खिडकीशी नेलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "इथे आहे." खरोखरच होती, केसाएवढी उजळ रेघ, दोरी जिथून ओढून काढली तिथे. "हाताला नाही लागत पण," त्या म्हणाल्या, आणि ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं.

पहिल्या ब्लँकेटचं काय केलं हेही सांगते. दाटलेली लोकर कापली तरी सहसा उसवत नाही. म्हणून ती पट्टी दोन्ही बाजूंनी कापून काढली, तीन इंच रुंदीची, पूर्ण लांबीची. उरलेले दोन भाग कडेला कडा लावून सपाट टाक्याने जोडले. ब्लँकेट ५४ इंचांचं झालं. मधली शिवण दिसते आणि वाईट दिसत नाही. पट्टीचा वीतभर तुकडा नोंदवहीत टाचला आहे, शेजारी १३, ११, ८ हे आकडे लिहून. तिसऱ्या ताण्याची गुंडाळणी काल पुरी झाली. या वेळी दोरी थोडी बारीक घेतली आहे.